दीडशे वॉटचं ऋण

मेटल हॅलाइडचा दिवा एकटा पेटत नाही. त्याच्या मागे चोक हवा, इग्नायटर हवा, कंडेन्सर हवा, आणि हे तिन्ही त्याच दिव्याच्या मापाचे हवेत. २००६ साली मी रत्नागिरीत राहत्या घरात समुद्राच्या पाण्याची टाकी करायला घेतली, तेव्हा यातलं मला पुस्तकापुरतंच ठाऊक होतं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. ओहमचा नियम फळ्यावर लिहिणं वेगळं आणि खाऱ्या हवेत, भारनियमनाच्या दिवसांत, तीन फुटी टाकीवर एक दिवा वर्षभर नीट चालवणं वेगळं. ते मला चार माणसांनी शिकवलं. त्यातली दोन आज नाहीत. नावं मुद्दामच लिहीत नाही, त्यांच्यातल्या कुणालाच ते रुचलं नसतं. पण कुणी काय दिलं ते एकदा नीट लिहून ठेवायचं होतं.

टाकीचं मूळ सुकतीत आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र जेवढा वर चढतो तेवढाच खाली उतरतो, आणि एरवी कधी न दिसणारा कातळ दोन-तीन तास उघडा पडतो. बायका कोयत्या घेऊन कालवं काढायला उतरतात. मी मिऱ्याच्या बाजूला मुलांना घेऊन जायची. कातळातल्या डबक्यांत, खडकाला चिकटून, वसाहतीने राहणारे झोअँथिड नावाचे जीव असतात. एकेकाचं तोंड शर्टाच्या बटणाएवढं, भोवती आखूड दोऱ्यांची झालर, मधली चकती हिरवी, कडा तपकिरी. सावली पडली की सगळी वसाहत मिटते आणि खडकावर नुसत्या चामड्यासारख्या गाठी उरतात. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहिलं की एका कडेने पुन्हा उघडायला लागते. प्रवाळाचीच ही भावंडं, फक्त चुन्याचा सांगाडा न बांधणारी. यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. म्हणजे अशा टाकीवरचा दिवा शोभेचा नसतो. तो त्या जीवांचा शिधा असतो.

हे जीव घरी पाळता येतील का, हे विचारायला मी काकांकडे गेले. काका मत्स्यखात्यातून निवृत्त झालेले. पेठकिल्ल्याजवळ कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, त्याचं मत्स्यालय आणि तिथला देवमाशाचा सांगाडा रत्नागिरीतल्या प्रत्येक शाळेची सहल पाहून येते. तिथेच एकदा मुलांच्या गर्दीत त्यांची ओळख झाली होती. एका मुलाने विचारलं, मासे पाणी पितात का? मी उत्तर जुळवत होते, तोवर मागून त्यांनी सांगितलं की गोड्या पाण्यातले पीत नाहीत, खाऱ्यातले पितात, आणि मग का ते सांगायला मुलांना घेऊन जमिनीवरच बसले. तेव्हापासून मला शंका आली की मी काकांचं घर गाठायची.

काकांनी आधी कायदा सांगितला. कठीण प्रवाळ, म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधणारं सगळं, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाच्या पंक्तीला. “त्याला हात लावायचा नाही. मेलेला तुकडासुद्धा शोकेससाठी उचलायचा नाही,” ते म्हणाले. नंतर हातमोजे. या कुळातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. हवाई बेटांवरच्या अशाच जीवांतून ते १९७१ साली वेगळं काढलं गेलं. बोटाला चीर असेल तर टाकीत हात घालायचा नाही, आणि खडक घासताना तोंडावर पाणी उडू द्यायचं नाही. मग म्हणाले, “सुटा, लाटेने निखळलेला, वितीएवढा एक दगड आणा. कातळ फोडायचा नाही. तो एक दगड सांभाळून दाखवा.”

आणि मग उजेड. काकांकडे एक जुना लक्समीटर होता. भर दुपारी डबक्याच्या काठावर त्याने लाखाच्या आसपास आकडा दाखवला. माझ्या टाकीवर तेव्हा दोन ट्यूबलाइट होत्या, त्यांच्याखाली तो चार-पाच हजारांवर थांबला. मला ट्यूबचा उजेड लख्ख वाटत होता, कारण माणसाचा डोळा सवलत देतो. काका म्हणाले, झोअँथिड सवलत देत नाहीत. उजेड कमी पडला की ते मान लांब करून दिव्याकडे ताणतात, रंग उतरतो, आतलं शैवाल निघून जातं.

त्या काळात जगभर प्रवाळाच्या टाक्यांवर मेटल हॅलाइडच वापरत. १९८०च्या सुमाराला बर्लिनच्या हौशी लोकांनी जिवंत खडक, फेस काढणारं यंत्र आणि हा प्रखर दिवा यांची सांगड घातली आणि घरच्या टाकीत प्रवाळ नुसता टिकण्याऐवजी वाढायला लागला. दिव्याच्या पोटात क्वार्ट्झची नळी असते, अंगठ्याच्या पेरापेक्षा फार मोठी नाही. तिच्यात थोडा पारा आणि काही धातूंचे आयोडाइड क्षार. दोन टोकांमध्ये विजेची ज्वाला उभी राहते, क्षारांची वाफ होते, आणि कुठला धातू किती घातला यावर उजेडाचा रंग ठरतो. सगळा उजेड एका छोट्या बिंदूतून येत असल्याने पाण्यावरची प्रत्येक लहर भिंगाचं काम करते आणि तळाच्या वाळूवर सोनेरी जाळी हलत राहते. ट्यूबखाली ती कधीच दिसत नाही. सुकतीच्या डबक्यात दिसते तशीच जाळी मला घरात हवी होती, हे इथे सांगायला हवं.

रंग कुठला घ्यायचा, यावर काकांशी बराच काथ्याकूट झाला. हे दिवे ६,५०० केल्विनपासून २०,००० केल्विनपर्यंत मिळत. आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. परदेशी टाक्यांच्या फोटोंमध्ये सगळं गर्द निळं दिसायचं आणि मला ते मोहवायचं. काकांनी कागदावर किनाऱ्याचा उभा छेद काढला. पाण्यात पहिला तांबडा रंग मरतो, काही मीटरमध्येच. मग पिवळा, हिरवा. निळा सगळ्यात खोल जातो. विजयदुर्गाच्या समोर, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून लांब, आंग्रे बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथाच वीसेक मीटर पाण्याखाली. तिथल्या प्रवाळाला जन्मभर निळा उजेड. “तुमचा दगड कुठला? सुकतीला उघडा पडणारा. त्याने पांढरं ऊन पाहिलंय. त्याला वीस हजारांचा निळा दिवा लावलात तर तुम्हाला बरं वाटेल, त्याला नाही.” त्यांनी १०,००० केल्विन लिहून दिलं आणि खाली एक टीप: लक्समीटर माणसाच्या डोळ्यासारखा पाहतो, पिवळ्या-हिरव्याला जास्त मोजतो. दिवा निळसर असेल तर मीटरवर आकडा कमी दिसेल, म्हणून घाबरून मोठा दिवा घेऊ नका.

तो कागद घेऊन मी मिस्त्रींकडे गेले.

मिस्त्रींचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान बाजारातल्या एका आळीत होतं. दारातच उघड्या पोटाचे पंप, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा उग्र वास. आंबेवाल्यांचे, विहिरीवरचे, बर्फाच्या कारखान्यातले, बंदरावरचे, सगळ्यांचे पंप तिथे यायचे. मी कागद पुढे केला आणि विचारलं, दीडशे वॉटचा घेऊ की अडीचशेचा?

“वॉट नंतर बघू, बाई. आधी अँपिअर.”

पुढचा तासभर त्यांनी मला चोक शिकवला. पुस्तकातला बॅलास्ट म्हणजे आपल्या बाजारातला चोक. दिव्यातली ज्वाला हा विचित्र रोधक आहे. तारेतून जास्त करंट गेला की तार तापते आणि रोध वाढतो. ज्वालेचं उलटं, करंट वाढला की रोध कमी होतो, मग करंट आणखी वाढतो, आणि आवरायला कुणी नसेल तर दिवा क्षणात फुटतो. चोक हे आवरायचं काम करतो. लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर तांब्याचे वेढे, बाकी काही नाही. पण तो किती करंट जाऊ देणार हे वेढ्यांवर आणि गाभ्यातल्या फटीवर ठरलेलं असतं.

त्यांनी मांडणीवरून दोन चोक काढले. दोन्हींवर २५० वॉट लिहिलेलं. एक २.१ अँपिअरचा, एक ३ अँपिअरचा. “दोन्ही अडीचशेचे. दिवेही दोन जातींचे येतात. एका जातीला पाऱ्याच्या दिव्याचा चोक चालतो, दुसऱ्या जातीला सोडियमचा लागतो. दुकानदार वॉट बघून हातात देतो. तीनवाल्यावर दोनचा दिवा लावलात तर वर्षाचा दिवा दोन महिन्यांत जाईल. उलटं केलंत तर दिवा पेटेल, पण आतले क्षार नीट वितळणार नाहीत आणि उजेड हिरवट येईल.” दीडशे वॉटमध्ये हा घोळ नाही, असं त्यांनी सांगितलं. सोडियमचा असो की हॅलाइडचा, दीडशेचा दिवा १.८ अँपिअरचा. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांचा चोक गावात कुठेही मिळतो, तोच चालेल, बिघडला तर त्याच दिवशी बदलता येईल. माझ्या टाकीची खोली दीड फूट. काकांचं म्हणणंही दीडशे पुरेल असंच होतं, कारण अडीचशेची उष्णता कोकणातल्या मे महिन्यात कुठे घालवणार? एकाला समुद्र माहीत होता, दुसऱ्याला तांबं, आणि दोघे एकमेकांना न भेटता एकाच आकड्यावर आले होते. मला तो दिवस अजून लख्ख आठवतो.

चोक मी नवा विकत आणला, तांब्याच्या वेढ्यांचा. मिस्त्रींनी तो तसा लावू दिला नाही. पंपाच्या मोटारीला देतात तसं त्याला पुन्हा वार्निशमध्ये बुडवलं, भट्टीत भाजलं, परत बुडवलं. “कंपनीने तो पुण्यासाठी केलाय. इथली हवा खारी.” चोक टाकीच्या खोलीत न ठेवता भिंतीपलीकडे, जिन्याखाली, बंद पेटीत बसवला. इग्नायटर मात्र दिव्याजवळच ठेवावा लागतो. पेटवताना तो काही हजार व्होल्टचा झटका देतो आणि तो झटका लांब तारेत विरून जातो. म्हणून दिव्याच्या छपराच्या कोरड्या बाजूला त्याला स्वतंत्र डबी केली, काचतंतूची नळी घातलेली तार वापरली, चिनीमातीचे होल्डर. कंडेन्सर २० मायक्रोफॅरडचा. तो नसेल तर दिवा लाइनमधून १.८ अँपिअर ओढतो, लावला की साधारण निम्म्यावर येतो. आमच्या घराचं वायरिंग वडिलांच्या वेळचं, त्याला हा फरक मोठा होता. अर्थिंगसाठी त्यांनी स्वतः परसात खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ घालून. पाणी आणि वीज एका ठिकाणी आली की मिस्त्री थट्टा करत नसत.

आता दिवा. दोन टोकांना पकडायचा दीडशे वॉटचा दिवा तेव्हा सोनाराच्या आणि कपड्यांच्या शोरूममध्ये असायचा, मुंबईला लोहार चाळीत हवे तितके मिळायचे, पण ते ४,२०० केल्विनचे. १०,००० केल्विन तिथे कुणी ठेवत नव्हतं. माझा एक जुना विद्यार्थी मर्चंट नेव्हीत होता. रत्नागिरीत दर चार घरांआड एक मुलगा बोटीवर असतो, त्यातलाच. सुट्टीवर आला की पाया पडायला यायचा. त्याला काकांचा कागद दाखवला. पुढच्या फेरीत सिंगापूरहून तो दोन दिवे घेऊन आला, कपड्यांच्या मध्ये, मोज्यांत गुंडाळून. सोबत डेलबीक आणि स्प्रंग यांच्या ‘द रीफ अॅक्वेरियम’चा १९९४ साली निघालेला पहिला खंड, जुन्या पुस्तकांच्या दुकानातला. पैसे विचारले तर म्हणाला, “बाई, दहावीच्या प्रॅक्टिकलला तुम्ही मला स्वतःचा चष्मा दिला होतात.” मला ते आठवत नव्हतं. दर वर्षा-सव्वा वर्षाने तो न सांगता दिवा आणत राहिला. हे दिवे विझत नाहीत, पण वर्षभरात त्यांचा रंग सरकतो, पिवळ्याकडे झुकतो, आणि टाकीत नको ते शेवाळ माजतं. म्हणून चालू दिवासुद्धा बदलावा लागतो. हे त्याने पुस्तकात वाचून स्वतःच लक्षात ठेवलं होतं.

काकांची शेवटची अट काचेची. दोन टोकांच्या दिव्याला बाहेरचा जाड काचेचा फुगा नसतो, त्यामुळे आतली अतिनील किरणं सरळ खाली येतात. ती जीवांना भाजतात आणि माणसाच्या डोळ्यालाही. म्हणून दिव्याखाली टफन्ड काच लावल्याशिवाय त्यांनी बटण दाबू दिलं नाही. काच कोल्हापूरहून यायला वेळ लागला. दिवा आणि चोक तोवर तसेच बसून राहिले.

काच आली, पण टॅपचा प्रश्न उरला होता. चोकवर दोन जोडण्या होत्या, २२० आणि २४०. मी मिस्त्रींना विचारलं, कुठली?

“दिवा किती वाजता लावणार?”

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. त्यांनी आपला मल्टिमीटर माझ्या पिशवीत टाकला. “घरी न्या. पहाटे, दुपारी, रात्री आठला. आठवडाभर लिहून आणा.” मी लिहून आणलं. रात्री आठला, सगळ्या घरांत टीव्ही आणि पंखे चालू असताना, काटा १९० ते २०५ च्या मध्ये डुलत होता. पहाटे चारला तो २४० वर खिळलेला. त्यांनी यादी वाचली आणि समजावलं. २४० च्या लाइनवर २२० चा टॅप दिला तर जास्त करंट जाणार, क्वार्ट्झची नळी फुगणार. २०० च्या लाइनवर २४० चा टॅप दिला तर ज्वाला मंदावणार आणि एखादा हिसका बसला की विझणार. “टॅप चोकचा नसतो बाई, तुमच्या लाइनचा असतो. आणि तुमची लाइन तासातासाला बदलते.”

मग आम्ही उलट्या बाजूने विचार केला. झोअँथिडना घड्याळ ठाऊक नाही. त्यांना रोज सात-आठ तास उजेड हवा, तो कधी का असेना. रात्रीचं व्होल्टेज पडलेलं, दुपारी टाकीचं पाणी आधीच तापलेलं. उरली पहाट, जेव्हा लाइनही स्थिर आणि हवाही गार. दिवा पहाटे चारला लावायचा आणि अकराला विझवायचा असं ठरलं, टॅप २४० चा. त्या एका निर्णयाने पाणी थंड करायच्या महागड्या यंत्राची गरज उरली नाही. पाण्यावर दोन छोटे पंखे पुरले, मे महिन्यातसुद्धा.

पहिल्या दिवशी मी चारच्या आधीच उठून बसले. आधी इग्नायटरची बारीक चरचर. मग नळीत जांभळट ठिणगी, ती निळी झाली, निळ्याची हिरवट, आणि तीन-चार मिनिटांत हळूहळू उजेड भरत गेला, पांढरा, थंड, अगदी सकाळी दहाच्या उन्हासारखा. वाळूवर जाळी हलायला लागली. जिन्याखालून चोकचा मंद गुणगुणाट येत होता. दगडावरची वसाहत अर्ध्या तासाने एका कडेने उघडली.

भारनियमनाचा एक जाच होता, त्यावरही मिस्त्रींनीच उपाय काढला. चालू दिवा वीज जाऊन विझला आणि दोन मिनिटांत वीज आली, तरी तो लगेच पेटत नाही. गरम नळीत वाफेचा दाब इतका असतो की इग्नायटरचा झटका तिथून पार जात नाही. नळी निवेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं, इग्नायटर नुसता झटके देत राहतो आणि त्यातच जळतो. पंपाच्या पॅनेलमध्ये असतो तसला टाइम डिले त्यांनी मध्ये घातला. वीज आल्यावर पंधरा मिनिटं काहीच होत नसे, मग दिवा पहिल्या झटक्यात पेटत असे. त्यानंतर इग्नायटर जळाला नाही.

मिस्त्री टाकी पाहायला म्हणून एकदाच आले. मी त्यांच्यासाठी भल्या पहाटे चहा केला होता. त्यांनी टाकीकडे एक नजर टाकली, सरळ जिन्याखाली गेले, पेटी उघडून तारेला टाँग टेस्टर लावला आणि तो आकडा दिसेपर्यंत बोलले नाहीत. १.७८. मग बाहेर येऊन टाकीसमोर खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ बसले. “हे उघडतं, मिटतं, ते तुमच्या चोकमुळे नव्हे ना?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, चोकमुळेच. त्यांनी चोकचे पैसे घेतले, वार्निशचे घेतले, अर्थिंगच्या खड्ड्याचे घेतले. शिकवण्याचे घेतले नाहीत, आणि त्याचा हिशेब काढायचं माझ्याही मनात कधी आलं नाही. आज वाटतं, सगळ्यात महाग तेच होतं.

पाण्याचं ऋण चाचांचं. चाचा मिरकरवाड्याचे, छोट्या होडीचे तांडेल. किनाऱ्याचं पाणी टाकीला चालत नाही, गढूळ असतं आणि पावसाळ्यात नदीनाल्यांनी त्याचं खारेपण उतरतं. काकांनी सांगितलं होतं, घनता १.०२५ च्या आसपास हवी. चाचा वीस वावाच्या पुढचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचे. पावसाळी बंदीच्या आधी जास्तीचं आणून द्यायचे, ते मी अंधारात, झाकलेल्या पिंपांत साठवायची. जाळ्याला येणाऱ्या मासळीइतकीच काळजी ते माझ्या पाण्याची घ्यायचे. डिझेलचा कॅन चुकूनही वापरला जाऊ नये म्हणून माझ्या कॅनना त्यांनी लाल दोरी बांधली होती.

पुढे किनाऱ्यावर प्रखर दिव्यांची मासेमारी सुरू झाली. जनरेटर लावलेली नौका रात्री समुद्रात दिवे सोडते, उजेडाला मासळी गोळा होते, आणि भोवतीने पर्ससीनचं जाळं आवळलं जातं. लहान-मोठी सगळी मासळी एका घेरात जाते आणि चाचांसारख्यांच्या जाळ्याला उरत नाही. लोक त्याला सरसकट एलईडीची मासेमारी म्हणतात, पण त्यात मेटल हॅलाइडही होते. एक दिवस पाणी ओतून झाल्यावर चाचा टाकीसमोर उभे राहिले. छपराखाली वाकून त्यांनी दिव्याकडे पाहिलं.

“हा केवढ्याचा?”

“दीडशेचा, चाचा.”

“तिकडे एकेक हजार-दोन हजाराचा असतो. आणि असे माळेने.”

मला काय बोलावं कळेना. रात्रीचा समुद्र ज्या उजेडाने रिकामा होत होता, तोच उजेड माझ्या घरात एक दगड जगवत होता, आणि चाचा दोन्ही समोरासमोर पाहत होते. त्यांनी कॅन उचलले आणि जाताना विचारलं, पुढचं पाणी अमावास्येनंतर चालेल ना? त्या नौकांचे जळालेले चोक मिस्त्रींच्या दुकानात यायचे. ते त्यांचं काम होतं, ते करत होते. चाचांनाही ते माहीत होतं. दोघं माझ्याकडे एकाच वेळी चहाला बसलेलेही मी पाहिले आहेत, आणि तो विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. २०१६ साली राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ साली केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. चोरून ती नंतरही चालू राहिली, आणि चाचांच्या मुलाने होडी विकली. मला त्याबद्दल अजून राग आहे. हा राग मी चाचांचं देणं लागते.

काका गेले, मग मिस्त्री. मिस्त्रींचा मुलगा आता एलईडीचे ड्रायव्हर दुरुस्त करतो. प्रवाळाच्या टाक्यांवरही जगभर एलईडीच आले. वीज कमी लागते, उष्णता कमी, रंग हवा तसा बदलता येतो. मी निवृत्त झाल्यावर मुलीकडे जायचं ठरलं, तेव्हा टाकी मोडावी लागली. वसाहत परत समुद्रात सोडायची नाही, हे काकांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं: टाकीत राहिलेला जीव टाकीतले रोग घेऊन समुद्रात जातो. कोल्हापूरचा एक तरुण अशीच टाकी करत होता. त्याला सगळं देऊन टाकलं. एका दगडाचे तोवर सात-आठ झाले होते. ते थर्मोकोलच्या पेटीत, समुद्राच्या पाण्यात, एसटीने आंबा घाटातून गेले. चोक, कंडेन्सर, टाइम डिले, पुस्तक आणि शेवटचा न वापरलेला दिवा त्याने दुसऱ्या फेरीत नेला. एलईडी घेणार नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाला, वाळूवरची ती जाळी पाहिल्यापासून मन दुसरीकडे जात नाही.

आठवड्याने त्याचा फोन आला. सगळं जोडून झालं होतं.

“मॅडम, चोकवर दोन टॅप दिसतायत. दोनशे वीस आणि दोनशे चाळीस. कुठला देऊ?”

मी म्हटलं, “दिवा किती वाजता लावणार आहेस?”